वाट पाहावी, वाट द्यावी

छंदांचे ढोबळ मानाने दोन प्रकार करता येतील. काही छंद चारचौघांत सांगता येतात. बागेची हौस, भरतकाम, गाणे, नाटक, झालेच तर पोस्टाची तिकिटे जमवणे. असा छंद सांगितला की ऐकणारा "वा!" म्हणतो आणि चहाचा दुसरा घोट घेतो. काही छंद मात्र असे असतात की ते ऐकल्यावर समोरच्याचा कप ओठांपाशीच थांबतो. माझा छंद या दुसऱ्या जातीचा आहे.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. चाळिशी ओलांडून पाच वर्षे झाली. घरी हे आहेत, दहावीतली मुलगी आहे आणि तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बाराही महिने आहे. रस्त्यावर मी स्कूटर चालवते आणि काटा चाळीसच्या पुढे गेला की माझे मलाच कसेसे होते. हीच मी दर शनिवारी मध्यरात्री १९६७ सालच्या लोटस मोटारीत बसते आणि जर्मनीतल्या, बेल्जममधल्या नाहीतर इटलीतल्या एखाद्या शर्यतीच्या मार्गावर ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगाने पंधरावीस परक्या माणसांशी स्पर्धा करते. मोटार खरी नाही, रस्ताही खरा नाही. सगळा कारभार संगणकाच्या पडद्यावरचा. माणसे मात्र खरी. कोणी हॉलंडमध्ये आपल्या घरी बसलेला असतो, कोणी स्कॉटलंडमध्ये, कोणी ब्राझीलमध्ये.

पाहुण्यांना हे कळले की ते आधी माझ्याकडे पाहतात, मग ह्यांच्याकडे पाहतात. हे वर्तमानपत्र थोडे वर धरतात.

"म्हणजे मुलं खेळतात तो व्हिडिओ गेमच ना?" असा प्रश्न मग येतो. त्याचे उत्तर चहा संपेपर्यंत देता येत नाही. म्हणून ते आज सविस्तर लिहायला घेतले आहे.

१९६७ चा मोसम

या खेळाचे नाव 'ग्रांप्री लेजंड्स'. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पपायरस या कंपनीने तो १९९८ मध्ये बाजारात आणला. डेव्हिड केमर हा त्यामागचा मुख्य माणूस. त्या वेळी मोटारींच्या शर्यतीचे बाकीचे खेळ त्या त्या वर्षीच्या नव्याकोऱ्या गाड्या दाखवण्यात गुंतले होते. या मंडळींनी मात्र एकतीस वर्षे मागे जाऊन १९६७ चा फॉर्म्युला वन मोसम निवडला. दक्षिण आफ्रिकेतल्या क्यालामीपासून मेक्सिको सिटीपर्यंतचे अकरा मार्ग त्यात घेतले. त्यांपैकी दहा त्या वर्षीचेच होते. फ्रान्समधला तेवढा बदलून ल मान्सच्या जागी रुआँचा घेतला.

हेच वर्ष का? कारण एक युग तिथे संपत होते. १९६८ मध्ये मोटारींना पंख आले. विमानाच्या पंखाने विमान वर उचलले जाते, हे पंख उलटे बसवलेले असल्याने मोटारीला रस्त्यावर दाबून धरतात. त्याच वर्षी सिगारेटच्या कंपनीचे रंग लोटसच्या अंगावर चढले. त्याआधीच्या गाड्या देशांच्या रंगात धावत: इंग्लंडची हिरवी, इटलीची लाल. आकार लांबट, चिरुटासारखा. बसायला उघडी जागा, चालकाच्या दोन्ही अंगांना पेट्रोलच्या टाक्या आणि पाठीशी इंजिन. लोटस ४९ या गाडीचे वजन पाचशे किलोच्या आसपास आणि शक्ती सुमारे चारशे अश्वांची. आपल्या ओळखीच्या फियाटशी तुलना करायची, तर शक्ती दहापट आणि वजन निम्म्याहून थोडे अधिक. चाके मात्र आजच्या शर्यतीच्या गाड्यांच्या मानाने अरुंद. एवढी ताकद त्या चाकांनी रस्त्यावर उतरवायची म्हणजे हत्तीला सायकलवर बसवण्यासारखेच होते.

ही लोटस ४ जून १९६७ रोजी हॉलंडमधल्या झांडव्होर्टला पहिल्यांदा शर्यतीत उतरली आणि जिम क्लार्कने ती पहिल्याच दिवशी जिंकून दाखवली. पुढे १० सप्टेंबरला इटलीत मोंझाच्या शर्यतीत याच क्लार्कचे चाक पंक्चर झाले आणि तो पूर्ण एक फेरी मागे पडला. ती फेरी त्याने भरून काढली, सगळ्यांना मागे टाकून पुन्हा पहिला आला आणि अखेरच्या फेरीत गाडीला पेट्रोल पुरेना. जॉन सर्टिस होंडातून पहिला आला, जॅक ब्रॅबम त्याच्या मागे सेकंदाच्या पाचव्या हिश्शाने, आणि क्लार्क रखडत तिसरा. मोसमाचा विजेता ठरला तो फारसा गाजावाजा नसलेला न्यूझीलंडचा डेनी हुल्म. एखाद्या कादंबरीकाराला असे वर्ष मिळाले असते तर त्याला वेगळे कथानक रचावे लागले नसते.

खेळ बाजारात आला तेव्हा त्याची विक्री बेताचीच झाली. कारण साधे होते. तो फार कठीण होता. ज्या लोकांनी हौसेने विकत आणला त्यांची गाडी पहिल्याच वळणावर गिरकी घेऊन गवतात जाई. त्यांतल्या बहुतेकांनी तो कपाटात टाकला. जे टिकले ते मात्र असे टिकले, की पाव शतक उलटून गेल्यावरही जगभरचे चाहते त्याच्या शर्यती भरवतात. हौशी मंडळींनी कोणाकडून पैचीही अपेक्षा न ठेवता त्यात १९६५ आणि १९६९ च्या गाड्या बनवून घातल्या, कितीतरी जुने मार्ग नव्याने उभे केले. केमर यांनीही पुढे २००४ मध्ये 'आयरेसिंग' ही दुसरी कंपनी काढली. तिची सेवा २००८ मध्ये सुरू झाली आणि ती आज या क्षेत्रातली मोठी पेढी आहे. तिच्याही यादीत लोटस ४९ आहेच.

भरली कळशी

या खेळाला लागणारे सामान फार नाही. टेबलाला पकडून बसवायचे एक स्टिअरिंग, पायाशी पेडल, समोर संगणक. ते स्टिअरिंग नुसते फिरत नाही. त्यात मोटर असते. पुढच्या चाकांची पकड सुटू लागली की हातातले चाक एकदम हलके होते. खरी मोटार हाताला जे सांगते त्यातले बरेचसे ते सांगते.

चालवण्याचे शास्त्र सांगायचे, तर घरातलेच उदाहरण पुरे आहे. काठोकाठ भरलेली कळशी घेऊन चालताना आपण कसे वळतो? आधी वेग कमी करतो, मग वळतो आणि वळण संपत आले की पुन्हा पाऊल उचलतो. वळता वळता दचकून थांबलो तर पाणी सांडलेच. मोटारीचे वजन हे त्या पाण्यासारखे असते. ब्रेक दाबला की ते पुढच्या चाकांवर येते आणि मागची चाके हलकी होतात. ॲक्सिलरेटर दाबला की ते मागे जाते. त्यामुळे या जुन्या गाड्यांत वळणाच्या मध्यावर घाबरून पाय उचलला की मागचा भाग पुढे यायला निघतो. ज्या क्षणी मन म्हणते 'थांब', त्या क्षणी पाय किंचित दाबून ठेवायचा असतो. गाडी थोडी तिरपी घसरत राहते आणि चालक स्टिअरिंगपेक्षा ॲक्सिलरेटरने तिला वळवत असतो. त्या काळचे मोठे चालक हे इतक्या शांतपणे करीत, की पाहणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नसे.

हे अंगवळणी पडायला मला चार महिने लागले. पहिल्या महिन्यात तर जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगची एक फेरी पुरी होणे हाच सण असे. हा मार्ग आयफेलच्या डोंगरांतून जातो. लांबी जवळजवळ तेवीस किलोमीटर, वळणे दीडशेहून अधिक. १९६७ च्या शर्यतीआधी क्लार्कने ही फेरी आठ मिनिटे चार सेकंदांत मारली होती. मला चांगल्या दिवशी नऊ लागतात. ते अधिकचे एक मिनिट मी कमीपणाचे मानत नाही.

अंदाजावर चाललेला व्यवहार

एकट्याने चालवणे हा झाला रियाज. मैफल म्हणजे शर्यत. ती पंधरावीस जणांची असते आणि प्रत्येकजण आपापल्या घरी बसलेला असतो. आमच्या स्पर्धेची वेळ युरोपच्या सोयीची. तिथे उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा आपल्याकडे बारा. हिवाळ्यात त्यांची घड्याळे तासभर मागे जातात आणि आपल्याकडे एक वाजतो. घर निजलेले असते. मी दिवाणखान्याचे दार लोटून घेते आणि कानांना यंत्र लावते, म्हणजे इंजिनाचा आवाज शेजारी जात नाही.

यात एक मोठी गंमत आहे. माझा संगणक माझी गाडी कुठे आहे हे सारखे कळवत असतो आणि इतरांचे संगणक त्यांच्या गाड्यांविषयी कळवत असतात. पण हा निरोप समुद्राच्या तळातल्या तारांतून जातो, आणि त्याला वेळ लागतो. एक दशांश सेकंद धरा. ताशी अडीचशेच्या वेगात तेवढ्या अवधीत गाडी सात मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे माझ्या पडद्यावर पुढची गाडी जिथे दिसते तिथे ती नसतेच. मागच्या निरोपावरून संगणक अंदाज बांधतो आणि त्या अंदाजाच्या जागी गाडी काढून दाखवतो. समोरच्याने नेहमीप्रमाणे ब्रेक दाबला, नेहमीच्या रेषेने वळला, तर अंदाज बरोबर ठरतो. त्याने अचानक काही वेडेवाकडे केले तर अंदाज चुकतो, आणि त्याच्या पडद्यावर न झालेली टक्कर माझ्या पडद्यावर होते.

सांगायचे तात्पर्य असे, की या शर्यतीत शेजारून जाणे हा सगळा भरवशाचा व्यवहार आहे. समोरचा माणूस शहाण्यासारखा वागेल असे मी धरून चालते आणि मीही तशीच वागेन असे तो धरून चालतो. त्याच्या माझ्यात हजारो मैलांचे अंतर, एकमेकांचे तोंड पाहिलेले नाही, भाषा वेगळी. तरी दोन गाड्या हातभर अंतर ठेवून एका वळणात शिरतात आणि दोन्ही बाहेर पडतात. लोकल गाडीच्या डब्यात पाय ठेवायला जागा न देणारी माणसे आपण पाहतो. त्या मानाने हा मला चमत्कारच वाटतो.

आता मराठीची शिक्षिका म्हणून एक भाषेची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे 'वाट' या एका शब्दाला किती क्रियापदे चिकटली आहेत पाहा. वाट पाहणे, वाट देणे, वाट लावणे. शर्यतीत उतरणाऱ्या माणसाचे सगळे प्रकार या तीन वाक्प्रचारांत बसतात.

वाट लावणारे पहिल्या वळणावर भेटतात. यांना पंचेचाळीस मिनिटांची शर्यत पहिल्या दहा सेकंदांतच जिंकायची असते. चार गाड्यांचा चुराडा करून ते स्वतःही गवतात जातात आणि मग निघून जातात, कारण त्यांचे काहीच गेलेले नसते. ज्यांनी आठवडाभर त्या मार्गावर सराव केलेला असतो, ऑफिसातून लवकर निघून, जेवण उरकून जे येऊन बसलेले असतात, त्यांची संध्याकाळ गेलेली असते. वाट पाहणारे दुसरे. पुढच्याच्या मागे दोन दोन फेऱ्या राहतात, तो कुठे कच्चा आहे ते हेरतात आणि नेमक्या वळणावर नाक घालतात. आणि वाट देणारे तिसरे. आपल्याला गाठले गेले आहे हे कळले की ते झुंजतात जरूर, पण शेजाऱ्यासाठी एका गाडीची जागा सोडून झुंजतात. शर्यतीची खरी मजा या दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीच्या माणसांत असते.

मरणाचा धाक आणि मनाचा धाक

तुम्ही म्हणाल, यात एवढे कसले सौजन्य? खेळ तो खेळ. गाडी आपटली तर दोन कळा दाबल्या की ती पुन्हा रस्त्यावर उभी. (काही स्पर्धांत ही मुभाही नसते, तो भाग वेगळा.)

इथे १९६७ कडे पुन्हा वळावे लागते. त्या वर्षी ७ मे रोजी मोनॅकोच्या शर्यतीत फेरारीचा चालक लोरेंझो बांदिनी याची गाडी कडेला आदळून पेटली. कडेला गवताच्या गासड्या रचलेल्या होत्या, त्यांनीही पेट घेतला. तीन दिवसांनी बांदिनी वारला. पुढच्या वर्षी ७ एप्रिलला खुद्द जिम क्लार्क जर्मनीत हॉकेनहाइमला एका दुय्यम शर्यतीत झाडांवर आदळून गेला. त्या काळी शर्यतीच्या गाडीत पट्टा बांधण्याची रीत रुळलेली नव्हती. रस्त्याच्या कडेला झाडे, तारेची कुंपणे, लोकांची घरेसुद्धा असत. दोन गाड्यांची उघडी चाके एकमेकांना लागली तर एक गाडी हवेत उडे. आपल्या हातून दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो हे प्रत्येकाला ठाऊक होते. त्यामुळे शेजाऱ्याला जागा सोडणे हा शिष्टाचार नव्हता, ती जगण्याची अट होती.

पण त्या माणसांचा मोठेपणा केवळ भीतीपोटी नव्हता. १९६६ ची बेल्जममधली स्पाची शर्यत घ्या. चौदा किलोमीटरचा मार्ग, आणि पहिल्याच फेरीत पावसाने गाठले. कितीतरी गाड्या रस्ता सोडून गेल्या. जॅकी स्ट्युअर्ट वाकलेल्या गाडीत अडकला आणि टाकीतले पेट्रोल त्याच्या अंगावर साचू लागले. एक ठिणगी पुरली असती. त्याला सोडवायला धावले ते कोण? ग्रॅहॅम हिल आणि बॉब बाँडुरंट. दोघेही त्याच शर्यतीतले, दोघांच्याही गाड्या तिथेच घसरलेल्या. हिलने आपली शर्यत सोडून दिली. स्टिअरिंग काढण्यासाठी हत्यार हवे होते, ते एका प्रेक्षकाकडून मिळवावे लागले. स्ट्युअर्ट वाचला आणि पुढे त्याने पट्टे, डॉक्टर, कडेचे कठडे यांसाठी इतकी खटपट केली, की काही लोकांना तो भित्रा वाटू लागला. आज त्याचेच खरे ठरले आहे.

संगणकाने मरणाचा धाक काढून टाकला, हे फार चांगले झाले. त्या गाड्यांचा अनुभव घ्यायला आता कोणाच्या आईला रात्रभर जागत बसावे लागत नाही. पण धाक गेल्यावर माणूस कसा वागतो हे तिथे स्पष्ट दिसते. पोलीस नाही, पंच प्रत्येक वळणावर नाही, नाव खरे की खोटे कोणी विचारत नाही. मी बाई आहे हे निम्म्या लोकांना ठाऊकही नव्हते. १९६७ च्या त्या मोसमात एकही बाई नव्हती. त्याआधी १९५८ मध्ये इटलीची मारिया तेरेसा दे फिलिप्पिस उतरली होती आणि पुढे १९७५ मध्ये तिच्याच देशाच्या लेला लोंबार्दीने स्पेनमध्ये अर्धा गुण मिळवला. आमच्या स्पर्धेत कोण कुठला, बाई की बुवा, याची चौकशी होत नाही. पाहिले जाते ते एकच: तुम्ही जागा सोडता की नाही.

वरंधा घाटातला धडा

मला हे वेड लावले ते माझ्या धाकट्या भावाने. तो इंजिनिअरिंगला असताना आमच्या घरात रात्री-अपरात्री इंजिने घोंगावत आणि आई देवघरातून ओरडे. पुढे तो नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि स्टिअरिंग माळ्यावर गेले. २०२० मध्ये सगळे घरात कोंडले गेले तेव्हा त्याने फोनवर सांगितले, "ताई, माळ्यावरचं खोकं काढ. लावायचं कसं ते मी सांगतो." मी हसण्यावारी नेले. मग एका दुपारी खोके काढले.

तेव्हा तो एक खेळ होता. २०२१ च्या मे महिन्यात आमचे वडील गेले. त्या दिवसांतल्या निर्बंधांमुळे धाकट्याला वेळेत येता आले नाही. शेवटचे दर्शन त्याला फोनच्या पडद्यावर घडले. त्यानंतर आमचे बोलणे अवघड झाले. फोन लागला की दोघेही हवापाण्याचे बोलायचो आणि ठेवून द्यायचो. वडिलांचे नाव घेतले की एकाचा तरी गळा दाटे, म्हणून कोणीच घेत नसे. ज्या घरांनी त्या वर्षी माणसे गमावली त्यांना हे वेगळे सांगायला नको.

अशा वेळी आम्हा दोघांना ही शनिवारची रात्र उपयोगी पडली. तीत बोलावे लागत नाही. तो पुढे असतो, मी मागे असते. त्याच्या गाडीचे मागचे चाक एखाद्या वळणावर घसरले की मला कळते की आज याचे लक्ष नाही. दीड तास आम्ही एकाच रस्त्यावर असतो. हळूहळू शर्यत संपल्यावर बोलणे सुरू झाले, आणि पहिल्यांदा बोललो ते वडिलांच्या फियाटविषयी.

वडील आम्हाला सुट्टीत त्या फियाटमधून भोरमार्गे महाडला नेत. वरंधा घाट अरुंद. समोरून चढणारी गाडी आली की ते आपली उतरणारी गाडी कडेला घेत, थांबत आणि हात बाहेर काढून तिला पुढे जाण्याची खूण करीत. मागून हॉर्न वाजले तरी हलत नसत. आम्ही कुरकुर केली की म्हणत, "अरे, तो चढावर थांबला तर त्याला पुन्हा उचलताना त्रास. आपल्याला काय, आपण कधीही निघू." चढणाऱ्याला आधी वाट, हा घाटाचा नियम कायद्यातही आहे. पण आम्ही तो कायदा म्हणून शिकलो नाही.

धाकट्याला मी विचारले, "तू वळणावर नेहमी बाहेरची जागा सोडतोस, ते कुणाकडून शिकलास?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "महाडच्या रस्त्यावर." त्या रात्री आम्ही तासभर वडिलांविषयी बोललो.

बेर्गवेर्कच्या वळणावर

गेल्या मोसमाची अखेरची शर्यत न्युर्बुर्गरिंगला होती. पाच फेऱ्या. गुणतक्त्यात मी नववी होते आणि आठव्या जागेवर हॉलंडमधले एक साठीचे गृहस्थ होते. आमच्यात एका गुणाचे अंतर. त्यांच्यापुढे शर्यत संपवली तर आठवी जागा माझी. जगाच्या दृष्टीने या आठव्या जागेला काडीची किंमत नाही, हे मान्य. पण तीन आठवडे मी उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर रोज दोन फेऱ्या मारीत होते. ज्यासाठी माणूस रोज राबतो त्याला किंमत येतेच.

दुसऱ्या फेरीत मी त्यांच्यापुढे होते. मार्गाच्या मध्यापाशी बेर्गवेर्क नावाचे उजवे, संथ वळण आहे. तिथून पुढे लांबच लांब चढ सुरू होतो. मी वळणात शिरले आणि मागून धक्का बसला. त्यांचा ब्रेक किंचित उशिरा लागला असावा, किंवा त्या समुद्राखालच्या तारांनी दगा दिला असावा. माझी गाडी पूर्ण फिरून गवतात उलट्या तोंडाने उभी राहिली. समोर रस्ता मोकळा, त्यांना थांबवणारे कोणी नाही. मोसम त्यांच्या खिशात होता.

मी गाडी सरळ करून रस्त्यावर आणली, तर चढाच्या पायथ्याशी, कडेला, एक हिरवी गाडी उभी होती. ते थांबले होते. मागून दोन गाड्या निघून गेल्या तरी हलले नाहीत. मी त्यांच्या पुढे निघून चढाला लागले, तेव्हा कुठे ती हिरवी गाडी माझ्या मागे सुरू झाली.

आमच्या स्पर्धेत हा संकेत आहे, हे खरे. आपल्या धक्क्याने दुसरा फिरला तर थांबावे आणि त्याला त्याची जागा परत द्यावी. पण संकेत पाळायचा तो ज्याच्या त्याच्या मनाने. मला एवढेच दिसत होते की चढाच्या पायथ्याशी कोणीतरी गाडी कडेला घेऊन माझी वाट पाहत उभे राहिले आहे, आणि चढणाऱ्याला वाट देत आहे. मला पुढचा चढ थोडा वेळ नीट दिसला नाही.

उरलेल्या तीन फेऱ्या आम्ही दोघांनी अशा काही मारल्या की तशा मी पूर्वी कधी मारल्या नव्हत्या. निघून गेलेल्या दोन्ही गाड्या परत गाठल्या. अखेरच्या फेरीत शेवटी दोन किलोमीटरहून मोठा सरळ रस्ता लागतो. पुढची गाडी हवा कापते आणि मागचीला त्या पोकळीत जादा वेग मिळतो. ते त्या पोकळीत शिरले आणि माझ्या शेजारी आले. रस्त्याला तिथे एक हलका डावा बाक आहे. मी आतून होते. थोडी बाहेर सरकले असते तर त्यांना पाय उचलावाच लागला असता. तसे करणे नियमात बसले असते की नाही यावर पंचांनी आठवडाभर वाद घातला असता. मी माझ्या रेषेत राहिले आणि त्यांच्यासाठी गाडीभर जागा ठेवली. ते अर्ध्या गाडीने पुढे संपले. मोसमात ते आठवे, मी नववी.

नंतर पडद्यावर त्यांचा निरोप आला. जागेबद्दल आभार, एवढाच. मी लिहिले, वाट पाहिल्याबद्दल आभार. इंग्रजीत ते वाक्य फार बापुडवाणे दिसत होते. त्यांना 'वाट पाहणे' आणि 'वाट देणे' या दोहोंत एकच वाट आहे हे कसे सांगणार?

जाता जाता

पालक मला विचारतात, मुलगा रात्रभर असले खेळ खेळतो, काय करावे? झोप आणि अभ्यास सांभाळावा, हे तर आहेच. पण किती वेळ खेळतो याबरोबर एकदा त्याच्या शेजारी बसून तो कसा खेळतो हेही पाहावे, असे मी सुचवते. कोणी पुढे गेले तर तो काय करतो? त्याच्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले तर थांबतो की पळतो? ज्याचे तोंड कधी दिसणार नाही अशा माणसाशी तो कसा वागतो, हे प्रगतिपुस्तकात लिहून येत नाही.

माझी मुलगी परवा म्हणाली, "आई, मामा तुला मुद्दाम कधी जिंकू देतो का गं?" अजिबात नाही. भाऊ म्हणून त्याने मला एकही शर्यत सोडलेली नाही आणि सोडली तर मी त्याच्याशी बोलणार नाही. दिवाळीला त्याला यंदाही येता येणार नाही. ओवाळणीत तो मला काय देतो असे कोणी विचारले, तर सांगेन: वळणावर गाडीभर जागा. तेवढी पुरते.